दहा वर्षं टिकणाऱ्या वेब ॲपसाठी सर्व्हर कसा निवडावा

नाशिकमध्ये मी ज्यांची वेब ॲप सांभाळते ती मंडळी फार मोठी नाहीत. सातपूरचा एक मशीनिंगचा कारखाना, पिंपळगावजवळचं द्राक्षांचं पॅकहाउस, पंचवटीतलं एक लॉज, महात्मानगरमधलं छोटं हॉस्पिटल. प्रत्येकाचं ॲप वेगळं आहे. पण एकदा चलन, बुकिंग किंवा हजेरी ॲपवर बसली की ते बदलायची तयारी यांपैकी कुणाचीच नसते. आठ-दहा वर्षं सहज निघून जातात. त्यामुळे सर्व्हर निवडताना मी महिन्याच्या भाड्यापासून सुरुवात करत नाही, तारखांपासून करते.

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर चार ओळी लिहा: मशीन कुणाकडे आहे, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती, भाषा कोणती, डेटाबेस कोणता. प्रत्येकीपुढे सुरक्षेचे पॅच, म्हणजे सापडलेल्या त्रुटी बुजवणारे छोटे बदल, कधीपर्यंत मिळणार ती तारीख लिहा. या तारखा आधीच जाहीर झालेल्या असतात. उबुंटू २४.०४चा नेहमीचा सपोर्ट २०२९पर्यंत आहे. डेबियनची १३वी आवृत्ती ऑगस्ट २०२५मध्ये आली. तिला तीन वर्षं पूर्ण सपोर्ट आणि त्यापुढे एलटीएस (लाँग टर्म सपोर्ट, लांब मुदतीचे पॅच), म्हणजे २०३०च्या मध्यापर्यंत. अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स यांची ९ क्रमांकाची आवृत्ती मे २०३२पर्यंत, १० क्रमांकाची २०३५पर्यंत. विंडोज सर्व्हर २०२२ ऑक्टोबर २०३१पर्यंत. भाषांमध्ये पीएचपी ८.४ डिसेंबर २०२८पर्यंत, पायथन ३.१३ ऑक्टोबर २०२९पर्यंत, नोडची (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं) २४वी आवृत्ती एप्रिल २०२८पर्यंत. डेटाबेसमध्ये पोस्टग्रेसची १७वी आवृत्ती नोव्हेंबर २०२९पर्यंत आणि मायएसक्यूएल ८.४ एप्रिल २०३२पर्यंत. मायएसक्यूएल ८.०ची मुदत मात्र एप्रिल २०२६पर्यंतच. अजून पुष्कळ जणांचं काम त्याच आवृत्तीवर चालतं, म्हणून ती मुद्दाम सांगितली.

आता कागदावरची सगळ्यात जवळची तारीख शोधा. ऑपरेटिंग सिस्टीम २०३२पर्यंत असली आणि नोड २०२८ला संपत असलं, तर तुमच्या ॲपचं पहिलं मोठं काम २०२८ला आहे. त्या कामाचे पैसे आणि वेळ आजच्या कोटेशनमध्ये धरलेले असले पाहिजेत.

भाषेची आवृत्ती कुठून घेता ते बघा

मला सगळ्यात जास्त इथेच समजावावं लागतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

पीएचपी किंवा पायथन दोन ठिकाणांहून घेता येतं. एक म्हणजे ते बनवणाऱ्यांकडून थेट, नवी आवृत्ती आली की लगेच. दुसरं म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या स्वतःच्या भांडारातून. दुसऱ्या मार्गात आवृत्ती थोडी जुनी मिळते, पण सुरक्षेचे पॅच ऑपरेटिंग सिस्टीमवाले त्या जुन्या आवृत्तीत मागे आणून बसवतात. उबुंटू २४.०४मध्ये पीएचपी ८.३ येतं. पीएचपी बनवणारे ते २०२७अखेर सोडून देतील, पण उबुंटू त्याला २०२९पर्यंत पॅच देत राहील. तुमच्या कोडमधला एक शब्दही न बदलता जास्तीची वर्षं मिळतात.

पण नीट बघून घ्या. उबुंटूच्या भांडारात ‘मेन’ आणि ‘युनिव्हर्स’ असे दोन मोठे भाग आहेत. मेनमधल्या पॅकेजना कंपनी स्वतः पॅच देते. युनिव्हर्समधल्या पॅकेजना पॅचची हमी हवी असेल तर उबुंटू प्रो लागतं. ते छोट्या वापरासाठी पाच मशीनपर्यंत फुकट मिळतं आणि सपोर्ट दहा वर्षांपर्यंत नेतं. पीएचपी मेनमध्ये आहे, नोड युनिव्हर्समध्ये. सर्व्हर तोच, पण दोन ॲपची सुरक्षा वेगवेगळी. अल्मा आणि रॉकीतही असंच आहे. ऑपरेटिंग सिस्टीमची दहा वर्षं म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक पॅकेजची दहा वर्षं नव्हेत. भाषांच्या जादा आवृत्त्या तिथे ‘ॲप्लिकेशन स्ट्रीम’ म्हणून येतात आणि त्यांतल्या बऱ्याच लवकर संपतात.

या पद्धतीचा एक त्रास होतो, तोही सांगून ठेवते. सातपूरच्या कारखान्याचे युरोपातले गिऱ्हाईक दरवर्षी सुरक्षेची प्रश्नावली पाठवतात आणि सोबत स्कॅनरचा अहवाल येतो: तुमचं अपाची (वेब पानं पाठवणारं सॉफ्टवेअर) जुनं आहे, धोका आहे. स्कॅनर फक्त आवृत्तीचा आकडा वाचतो. पॅच मागे आणून बसवलाय हे त्याला दिसत नाही. अशा वेळी घाबरून हाताने नवीन आवृत्ती बसवू नका. पॅकेजच्या चेंजलॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदीत, त्या त्रुटीचा सीव्हीई क्रमांक (जाहीर त्रुटीचा ओळख क्रमांक) शोधा, ती ओळ उत्तरात जोडा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.

डॉकर, म्हणजे ॲप कंटेनर नावाच्या बंद डब्यात घालून चालवायचं साधन, वापरणाऱ्यांनी तर कागदावर पाचवी ओळ लिहावी. कंटेनरच्या आत स्वतःची छोटी ऑपरेटिंग सिस्टीम असते. बाहेरचा सर्व्हर तुम्ही रोज अपडेट केलात तरी आतलं काहीच बदलत नाही. तीन वर्षांपूर्वी बनवलेली इमेज, म्हणजे ज्यावरून कंटेनर उभा राहतो तो साचा, तीन वर्षं जुन्याच त्रुटी घेऊन चालत राहते. कंटेनरच्या आत नेहमी दिसणाऱ्या अल्पाइन लिनक्सच्या एका आवृत्तीला साधारण दोनच वर्षं सपोर्ट असतो. दर महिन्याला इमेज नव्याने बनवायची सोय असेल तर डॉकर उत्तम. नसेल तर थेट डेबियनवर ॲप चालवणं मला जास्त सुरक्षित वाटतं.

तारीख कोण देतंय

जाहीर झालेली तारीखही मागे घेतली जाऊ शकते. सेंटओएस ८ ही ऑपरेटिंग सिस्टीम वापरणाऱ्यांना २०२९पर्यंत पॅच मिळतील असं सांगितलं होतं. डिसेंबर २०२०मध्ये घोषणा झाली की ते ३१ डिसेंबर २०२१लाच बंद होणार. ज्यांनी त्या आठ वर्षांच्या भरवशावर सर्व्हर उभे केले होते त्यांच्या हातात एकच वर्ष उरलं.

त्यातून लोक सावरले, कारण त्याच घराण्यातले अल्मा आणि रॉकी हे दोन पर्याय २०२१मध्ये उभे राहिले आणि एक स्क्रिप्ट चालवून आहे त्याच सर्व्हरवर बदल करता आला. म्हणून मी प्रत्येक थराबद्दल विचारते: हा देणारा उद्या थांबला किंवा त्याने नियम बदलले, तर तीच वस्तू देणारं दुसरं कोणी आहे का? पोस्टग्रेस कुठल्याही कंपनीकडून घ्या, तेच पोस्टग्रेस असतं. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४मध्ये लायसन्स बदललं, तेव्हा लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली त्याच्याच कोडवरून व्हॅल्की लगेच उभं राहिलं. सर्व्हर सांभाळायचं पॅनेल विकणाऱ्या सीपॅनेलने २०१९मध्ये खात्यांच्या संख्येवर दर लावायला सुरुवात केली; ज्यांचा सगळा कारभार त्या पॅनेलच्या पडद्यावर बांधलेला होता त्यांना वाढीव पैसे भरण्यावाचून फारसा मार्ग नव्हता. ॲप चालवून देणाऱ्या हेरोकू या सेवेचा फुकटचा प्लॅन नोव्हेंबर २०२२मध्ये बंद झाला. यात कुणी गुन्हा केला असं नाही, कंपन्या आपला धंदा बघणारच. आपणही आपला बघायचा.

पिंपळगावच्या पॅकहाउसवाल्या काकांना हे समजावताना मला फार बोलावं लागलं नाही. मी म्हटलं, "काका, तुम्ही डॉगरिजचा खुंट का लावता?" ते म्हणाले, "ताई, जमीन क्षाराची, पाण्याची बोंब. खुंट जमीन बघून लावायचा. वर थॉमसन भरायचं की दुसरं काही, ते कलमाचं काम, पुढे बदलताही येतं." खुंट म्हणजे खालचं मूळ, कलम म्हणजे त्यावर बांधलेली द्राक्षाची जात. सर्व्हरचं असंच. खालची ऑपरेटिंग सिस्टीम आणि डेटाबेस परिस्थिती बघून, बरीच वर्षं टिकेल असा निवडायचा. वरचं फ्रेमवर्क (ॲपचा कोड ज्या तयार साच्यात लिहितात ते) त्या वेळच्या चलतीचं असलं तरी चालतं.

मी काय निवडते

एकटी व्यक्ती किंवा दोन-तीन जणांचं ऑफिस असेल तर डेबियन. साधारण दर दोन वर्षांनी नवीन आवृत्ती येते, आणि जुन्या सर्व्हरवरच तिच्यावर जाण्याची पद्धत लिहून दिलेली असते. अट एकच: आवृत्ती गाळायची नाही. अकरावरून थेट तेरावर उडी मारता येत नाही, मधे बारा घ्यावीच लागते. त्यामुळे दोन-तीन वर्षांतून एकदा काम निघतं, पण ते लहान निघतं आणि हात सवयीत राहतो. उबुंटू एलटीएसही जवळपास असंच. तिथे पुढच्या एलटीएसवर जायचं निमंत्रण नव्या आवृत्तीचं पहिलं पॉइंट रिलीज (दुरुस्त्या एकत्र करून काढलेली प्रत) आल्यावर येतं, आणि त्याच्या आधी जाऊही नये.

ज्या गिऱ्हाइकाला सर्व्हरला हातच लावायचा नसतो, वर्षातून एकदा माणूस येईल आणि बघेल एवढीच तयारी असते, त्यांच्यासाठी अल्मा. लांब मुदत मिळते. मात्र मुदत संपताना निघणारं काम मोठं असतं, हे पहिल्या बैठकीतच सांगते.

विंडोज सर्व्हर फक्त एका कारणासाठी: ॲप मायक्रोसॉफ्टच्या जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कवर आहे. नवं डॉटनेट लिनक्सवर व्यवस्थित चालतं. ऑफिसात टॅलीसाठी विंडोज सर्व्हर आहेच, तर त्यावरच वेबसाइटही टाकून द्या असं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत फार ऐकायला मिळतं. नका करू. हिशेबाचं मशीन इंटरनेटवर उघडं ठेवायचं नसतं.

मशीन कुठे ठेवावं

ऑफिसात ठेवावं का? कारखान्यातल्या यंत्रांवरचा डेटा त्याच शेडमधल्या पडद्यावर दाखवायचा असेल तर हो, कारण इंटरनेट गेलं तरी उत्पादन थांबता कामा नये. बाकी कशासाठीही नाही. वीज, इन्व्हर्टर, उन्हाळा, धूळ हे सगळं तुमच्या गळ्यात पडतं. गोदाकाठच्या जुन्या नाशकात तर आणखी एक गोष्ट. दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की सराफ बाजारातले दुकानदार माल वर हलवू लागतात. २०१६ आणि २०१९च्या ऑगस्टमध्ये पाणी बाजारात शिरलं होतं. तळमजल्यावरच्या कपाटातलं मशीन त्या धावपळीत कुणाच्या लक्षात राहणार?

सर्वसाधारण ॲपसाठी मुंबईतल्या डेटा सेंटरमधलं व्हीपीएस, म्हणजे मोठ्या सर्व्हरचा भाड्याने मिळणारा स्वतंत्र हिस्सा, घ्यावं. मोठ्या क्लाउड कंपन्यांपैकी ॲमेझॉन २०१६पासून मुंबईत आहे, गुगल २०१७पासून. ॲझ्युअरचं एक केंद्र पुण्यात आहे. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंत एक फेरी मारायला दोनशे मिलिसेकंदांहून जास्त लागतात, मुंबईला त्याच्या लहानशा भागात काम होतं. पॅकहाउसमध्ये हंगामात मोबाइलचं नेटवर्क आधीच दमलेलं असतं, तिथे हा फरक बोटाला जाणवतो.

दर तपासताना पहिल्या वर्षाच्या सवलतीचा आकडा बाजूला ठेवा, रिन्युअलचा दर विचारा. बिल डॉलरमध्ये आहे की रुपयांत? जीएसटीचं बिल तुमच्या जीएसटी क्रमांकासह मिळतं का? अठरा टक्क्यांचं इनपुट क्रेडिट मिळणं न मिळणं, हा दहा वर्षांत मोठा आकडा होतो. बाहेर जाणाऱ्या डेटाचे पैसे वेगळे आहेत का? आणि स्वस्तातल्या काही मशीनना प्रोसेसरची ताकद क्रेडिटवर मिळते: शांत वेळात साठवायची, गर्दीत वापरायची. जानेवारी ते एप्रिल सलग कामात असणाऱ्या पॅकहाउसला असं मशीन उपयोगाचं नाही.

व्यवस्थापित सेवा घ्यायला माझी ना नाही. डेटाबेसचे बॅकअप आणि पॅच कुणी सांभाळत असेल तर छोट्या ऑफिसला ते पैसे द्यावेतच. फक्त बाहेर पडायचा रस्ता बघून घ्या. व्यवस्थापित पोस्टग्रेसमधून डंप, म्हणजे सगळ्या डेटाची एक फाइल, काढून दुसरीकडे नेता येतो. एकाच कंपनीकडे मिळणाऱ्या खास डेटाबेसवर ॲप बांधलं तर निघताना ॲपच पुन्हा लिहावं लागतं.

खातं कुणाच्या नावावर

पंचवटीतल्या लॉजचं डोमेन आणि सर्व्हर दोन्ही आधीच्या डेव्हलपरच्या वैयक्तिक ईमेलवर होतं. तो मुलगा पुण्याला गेला, फोन उचलेना. लॉजमालकांना स्वतःचंच नाव परत मिळवायला कागदपत्रं घेऊन महिनोन्महिने पाठपुरावा करावा लागला, आणि तोवर त्यांचं ऑनलाइन बुकिंग बंद. मी हे फार गांभीर्याने घेते. डोमेन, सर्व्हर आणि बॅकअप यांची खाती गिऱ्हाइकाच्या ईमेलवर, त्याच्या कार्डावर, त्याच्या फोनवर ओटीपी येईल अशी उघडा. आपल्याला हवा तेवढा प्रवेश आपण वेगळ्या युजरने घ्यावा. डेव्हलपर असाल तर हा आग्रह तुम्हीच धरा, गिऱ्हाइकाला त्यातलं माहीत नसतं.

बॅकअप आणि प्रमाणपत्र

१० मार्च २०२१ला फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळून खाक झालं. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. म्हणून सर्व्हर मुंबईत असेल तर बॅकअप दुसऱ्या शहरात आणि दुसऱ्या कंपनीकडे. आणि सर्व्हरवरच्या पासवर्डने तो बॅकअप पुसता येता कामा नये, नाहीतर सर्व्हरमध्ये शिरलेला माणूस दोन्ही पुसेल. वर्षातून एकदा तरी रिकाम्या मशीनवर बॅकअप उतरवून ॲप खरोखर सुरू करून बघा, किती तास लागले ते लिहून ठेवा. सर्व्हर उभा करायची प्रत्येक पायरी स्क्रिप्टमध्ये किंवा साध्या मराठीत कागदावर लिहिलेली असावी. मी ती प्रत छापून गिऱ्हाइकाच्या फायलीत लावते.

एचटीटीपीएसच्या, म्हणजे वेबसाइटशी जोडणी सुरक्षित ठेवणाऱ्या, प्रमाणपत्राची मुदत आता झपाट्याने कमी होते आहे: मार्च २०२६पासून जास्तीत जास्त २०० दिवस, मार्च २०२७पासून १००, मार्च २०२९पासून ४७. वर्षाचं प्रमाणपत्र विकत आणून हाताने चढवायचे दिवस संपले. जो प्लॅटफॉर्म प्रमाणपत्र आपोआप नवं करू देत नाही तो यादीतून काढून टाका. लॉगचंही, म्हणजे सर्व्हरवर काय काय घडलं त्या नोंदींचंही, बघा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या निर्देशांप्रमाणे १८० दिवसांचे लॉग ठेवावे लागतात आणि सुरक्षेची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवावी लागते, तेव्हा डिस्क घेताना तेवढी जागा धरा.

बदल कधी करायचा

सुरक्षेचे छोटे पॅच रात्री आपोआप बसू द्या. डेबियन-उबुंटूत आणि अल्मातही त्याची सोय आहे. कर्नलचा, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचा, पॅच असेल तर रिबूट लागतो, त्याची वेळ गिऱ्हाइकाला आधी कळवा.

मोठ्या बदलाचं वेळापत्रक मात्र गिऱ्हाइकाच्या धंद्यावरून ठरवा. पॅकहाउसला जानेवारी ते एप्रिल हात लावायचा नाही. पावसाळ्यात, फळछाटणी सुरू होण्याआधी, त्यांच्याकडे वेळ असतो. कारखान्याला मार्चअखेर आणि दिवाळीआधीचे डिस्पॅच सोडून बाकी चालतं. हॉस्पिटलला रविवारी पहाटे.

लॉजसारख्यांसाठी सध्या एक तारीख फार महत्त्वाची आहे. उबुंटू २२.०४चा नेहमीचा सपोर्ट २०२७च्या वसंतात संपतो, आणि सिंहस्थाची मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७मध्ये आहेत. रामकुंडाच्या आसपास लॉज, धर्मशाळा, गाड्या किंवा प्रसाद यांचं बुकिंग घेणारं ॲप २२.०४वर उबुंटू प्रो न घेता चालत असेल, तर वर्षातल्या सगळ्यात मोठ्या गर्दीत ते पॅचविना उभं राहील. २४.०४ किंवा डेबियन १३वर नवीन मशीन शेजारी उभं करा, डेटा आणून एक महिना दोन्हीवर ताडून बघा, मग डोमेन नव्याकडे वळवा. डीएनएसचा (डोमेनला सर्व्हरचा पत्ता जोडणारी नोंद) टीटीएल, म्हणजे तो जुना पत्ता किती वेळ लक्षात ठेवला जातो ती मुदत, दोन दिवस आधी पाच मिनिटांवर आणून ठेवा, म्हणजे काही अडलं तर पटकन माघारी येता येईल. जुनं मशीन लगेच बंद करू नका. पुढचं बिल भरून ते महिनाभर तसंच ठेवा, आणि मगच पुसा.